घसा धरलेल्या प्रत्येक पेशंटला अझिथ्रोमायसिन द्यायचं का?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही एमबीबीएसनंतर सरकारी सेवेच्या बॉण्डवर वाशीम जिल्ह्यातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात नुकतेच रुजू झालात. ओपीडीत घसा दुखणाऱ्यांची रांग असते. हाताशी टॉर्च आणि स्टेथोस्कोप, बाकी घशाची तपासणी म्हणावी असं काही नाही. आधीपासून प्रत्येकाला अझिथ्रोमायसिन या अँटिबायोटिकच्या तीन गोळ्या द्यायची रीत आहे. ती मोडावी का, मोडली तर काय बघून ठरवावं, आणि सुई मागणाऱ्यांना काय सांगावं, असं तुम्ही विचारलंय.

रीत मोडा, एवढं आधी सांगून टाकतो. मात्र ‘अँटिबायोटिक द्यायचं की नाही’ हा माझ्या लेखी दुसरा प्रश्न आहे. यवतमाळ-वर्धा पट्ट्यात इतकी वर्षं प्रॅक्टिस करताना मी आधी एकच गोष्ट ठरवतो: हा घसा साधा आहे का? दहातले आठ-नऊ घसे साधेच असतात, व्हायरसचे असतात आणि आठवडाभरात आपोआप बरे होतात. उरलेल्यांमध्ये दोन प्रकार येतात. एकात थांबायला वेळ असतो, दुसऱ्यात अजिबात नसतो. सगळ्यांच्या हातावर सारख्याच तीन गोळ्या ठेवल्या की हा फरक पाहायची आपली सवयच जाते. अझिथ्रोमायसिनचं सगळ्यात मोठं नुकसान मला तिथे दिसतं.

घसा नीट दिसला नाही तर पुढचं सगळं व्यर्थ, म्हणून तपासणीपासून सुरू करतो. पेशंटला खिडकीकडे किंवा दाराकडे तोंड करून बसवा. खर्रा (तंबाखू-सुपारीचं मिश्रण) खाणारा असेल तर आधी बाहेर पाठवून चांगल्या चुळा भरायला लावा, नाहीतर लाल-तपकिरी रंगाखाली काहीच कळत नाही. लहान लेकरू असेल तर आईच्या मांडीवर, पाठ आईच्या छातीला टेकवून. आईचा एक हात लेकराच्या दोन्ही हातांवरून आडवा, दुसरा कपाळावर. जिभेवर पट्टी दाबायची घाई नको. ‘कुत्रा धापा टाकतो तसं करून दाखव’ म्हटलं की बहुतेक पोरं स्वतःच जीभ खाली नेतात आणि क्षणभर टॉन्सिल, पडजीभ, मागची भिंत सगळं दिसतं. त्या क्षणात दोन्ही बाजू सारख्या आहेत का, पडजीभ मधोमध आहे का, पांढरं काही आहे का आणि ते टॉन्सिलच्या हद्दीत आहे की बाहेर पसरलंय, एवढं बघून घ्या. मग जबड्याच्या कोनाखाली बोटं फिरवून गाठी चाचपा. आणि तोंड न उघडताच एक गोष्ट कळते, ती म्हणजे आवाज.

लेकरू पुढे वाकून बसलंय, लाळ गळतेय, गिळत नाही, श्वास घेताना आवाज येतोय, असं असेल तर मात्र घशात पट्टी घालूच नका. त्याला रडवू नका, आडवं करू नका, आईच्या कुशीतच १०८ मध्ये बसवा. एका बाजूलाच तीव्र दुखणं, तोंड पुरतं उघडत नाही, बोलताना तोंडात गरम घास धरल्यासारखा आवाज आणि पडजीभ एका बाजूला सरकलेली, म्हणजे टॉन्सिलमागे पू साठलाय. तो गोळ्यांनी जाणार नाही, कान-नाक-घसा तज्ज्ञाने काढावा लागतो.

आता घटसर्प, म्हणजे डिप्थेरिया. त्यावर थोडा जास्त वेळ घेतो, कारण तुमच्या पिढीतल्या अनेकांनी तो पुस्तकातच पाहिलाय आणि तो आपल्याकडून गेलेला नाही. करडा-पांढरा, चिकट पडदा, टॉन्सिल ओलांडून पडजिभेवर किंवा टाळूवर चढलेला. खरवडला तर रक्त येतं, म्हणून खरवडू नका. ताप बेताचाच, कधी १०० च्या आसपास, पण लेकरू तापाच्या मानाने फारच गळालेलं, नाडी जलद, कधी मान दोन्ही बाजूंनी सुजून जाड झालेली. ताप कमी आणि लेकरू जास्त आजारी, ही विसंगती दिसली की माझा संशय सुरू होतो. लगेच लसीचं कार्ड मागा, घटसर्पाची लस या सगळ्यांत असते: दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांची पेंटाव्हॅलेंट, १६ ते २४ महिन्यांत डीपीटीचा पहिला बूस्टर, ५ ते ६ वर्षांना दुसरा, मग १० आणि १६ वर्षांना टीडी. वीटभट्टीवर किंवा मजुरीला गावोगाव फिरणाऱ्या कुटुंबांत शाळेच्या वयाचा बूस्टर हमखास राहून गेलेला असतो. लस अपुरी असेल तर संशय पक्का धरा. कार्ड पूर्ण असलं तरी पडदा दिसत असेल तर कार्डापेक्षा डोळ्यांवर विश्वास ठेवा.

संशय आला की स्वॅबच्या रिपोर्टची वाट बघायची नाही. या आजारात जीव घेतं ते जंतूचं विष, आणि प्रतिविष फक्त पेशींत न शिरलेल्या विषावरच चालतं, म्हणून उशिराचा प्रत्येक तास महागात पडतो. पेनिसिलिन लागतंच, पण ते आधी सुटलेलं विष निकामी करत नाही. गाडी निघण्याआधी फोन करून प्रतिविष कुठे शिल्लक आहे ते विचारा. जिल्हा रुग्णालयात नसेल तर थेट नागपूरला मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयांत. मध्येच एका ठिकाणी नेऊन परत फिरवण्यात दिवस जातो. तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना त्याच दिवशी कळवा, घरातल्या आणि शेजारच्या संपर्कातल्या लोकांना मॅक्रोलाइड गटातलं (अझिथ्रोमायसिनच्या गटातलं) औषध आणि लस मिळायला हवी. अझिथ्रोमायसिनचा खरा उपयोग इथे आहे.

आपल्या भागातली आणखी एक गोष्ट पुस्तकातल्या घसादुखीच्या धड्यात सापडत नाही. जुलै ते ऑक्टोबरात तरुण माणूस ‘घसा फार दुखते, गिळता येत नाही’ म्हणून येतो. ताप नाही, गाठी नाहीत, पण जिभेवर, ओठांच्या आतून, टाळूवर पांढरे-पिवळट सोललेले चट्टे. तोंड आल्यासारखं दिसतं. अशा वेळी नातेवाइकांना बाहेर पाठवा, दार लावा आणि हळू आवाजात विचारा की तणनाशक तोंडात गेलं होतं का. कधी फवारणी पंपाचं तुंबलेलं नोझल तोंडाने फुंकताना जातं, कधी माणसाने स्वतः घेतलेलं असतं आणि घरच्यांपासून लपवलेलं असतं. पॅराक्वाट पोटात गेलं असेल तर पहिले एक-दोन दिवस घसादुखीपलीकडे विशेष काही दिसत नाही, मग किडनी आणि नंतर फुप्फुसं जातात. त्याला उतारा नाही, म्हणून संशय येताच मोठ्या रुग्णालयात पाठवणं एवढंच आपल्या हातात असतं. दम लागला नसताना सवयीने ऑक्सिजन लावू नका, या विषात त्याने फुप्फुसांचं नुकसान वाढतं. प्रश्न विचारताना आवाजात आरोप नको. तो माणूस खरं सांगेल की नाही हे त्यावरच ठरतं.

बाकीच्या धोक्याच्या खुणा पटकन सांगतो. सिकलसेलच्या एसएस पॅटर्नच्या (आई-बाप दोघांकडून सिकलसेल आलेल्या) मुलाला १०१ च्या वर ताप असेल तर घसा हे कारण सापडलं म्हणून निर्धास्त होऊ नका. त्याची प्लीहा निकामी झालेली असते, जंतू रक्तात पसरायला वेळ लागत नाही. अँटिबायोटिकचा पहिला डोस देऊन त्याच दिवशी वर पाठवा, आणि तोवर पाणी भरपूर, कारण गिळता येत नाही म्हणून पाणी कमी झालं की क्रायसिसही, म्हणजे सिकलसेलच्या तीव्र वेदनांचा झटकाही, येऊ शकतो. थायरॉइडसाठी कार्बिमॅझोल घेणाऱ्या बाईला ताप आणि घसादुखी झाली तर गोळी थांबवून त्याच दिवशी पांढऱ्या पेशी मोजायला पाठवा, कारण या गोळीने क्वचित त्या एकदम घटतात. फ्लूच्या दिवसांत गरोदर बाई ताप, खोकला, घसा घेऊन आली तर ओसेल्टामिविर हे फ्लूचं औषध लवकर सुरू करा, शक्यतो ४८ तासांच्या आत. आणि खर्रा खाणाऱ्या माणसाचा घसा एकाच बाजूने तीन आठवड्यांहून जास्त दुखत असेल, त्याच बाजूच्या कानात कळ जात असेल, तर कितीही गोळ्या झाल्या असोत, कॅन्सर नाही ना हे आतून दुर्बीण घालून बघायलाच हवं. त्याचीच तीन बोटं उभी तोंडात घालायला सांगा. जात नसतील तर खर्र्याने तोंड आखडत चाललंय, ते रजिस्टरमध्ये लिहा आणि त्याला तसं स्पष्ट सांगा.

हे सगळं बाजूला काढलं की उरतो तुमचा मूळ प्रश्न: स्ट्रेप्टोकोकस (थोडक्यात स्ट्रेप) हा जंतू आहे का. घशाचा लालपणा इथे काही सांगत नाही. टॉन्सिलवर पू दिसला तरी तो ॲडिनोव्हायरसनेही येतो. मोठ्यांमध्ये घसादुखीच्या दहा पेशंटमागे एखाद्यालाच स्ट्रेप असतो, शाळकरी मुलांत तीन-चारांमागे एकाला. आपण वापरतो ते निकष १९८१ मध्ये सेंटॉर यांनी अमेरिकेतल्या प्रौढ पेशंटवरून मांडले आणि १९९८ मध्ये कॅनडाच्या मॅकआयझॅक यांनी त्यात वयाची भर घातली. ताप, टॉन्सिलवर पू, मानेच्या पुढच्या बाजूच्या दुखऱ्या गाठी आणि खोकला नसणं, या त्या चार खुणा. चारही असल्या तरी स्ट्रेप निघण्याची शक्यता साधारण निम्मीच असते. मला हे निकष ‘नाही’ म्हणायला जास्त उपयोगी वाटतात. नाक वाहतंय, खोकला आहे, आवाज बसलाय, डोळे लाल आहेत, असा घसा स्ट्रेपचा नसतो असं धरून चाला.

मग विदेशातले डॉक्टर अँटिबायोटिकबद्दल एवढे थंड का असतात आणि आपण का नसावं? घसादुखीपुरतं पाहिलं तर अँटिबायोटिकने दुखणं जेमतेम एका दिवसाने कमी होतं. तेवढ्यासाठी मी कुणाला दहा दिवस गोळ्या देणार नाही. मी देतो ते संधिवाताच्या तापासाठी, ऱ्हुमॅटिक फीव्हरसाठी. घसा बरा झाल्यावर दोन ते चार आठवड्यांनी एक गुडघा सुजतो, तो उतरतो आणि घोटा सुजतो, आणि तोवर हृदयाच्या झडपेवर काम सुरू झालेलं असतं. आपल्याकडे अशी मुलगी अनेकदा थेट पहिल्या बाळंतपणात सापडते, सहाव्या-सातव्या महिन्यात धाप लागून रात्री बसून झोपते तेव्हा. तिला घसा कधी दुखला होता हे विचारून उपयोग नसतो, बहुतेकींना आठवत नाही. म्हणूनच ज्या वयात हा आजार जडतो, म्हणजे ५ ते १५, त्या वयाला मी वेगळा न्याय लावतो.

त्या वयात चारपैकी तीन खुणा असतील तर मी लगेच अँटिबायोटिक सुरू करतो. दोन असतील तर परिस्थितीवर सोडतो. आश्रमशाळेतलं मूल आहे का, जिथे एका खोलीत गाद्यांना गाद्या लागलेल्या असतात? घरात कुणाला झडपेचा आजार आहे का? परत येऊ शकेल का, की पुसदच्या पलीकडच्या तांड्यावरून दोन गाड्या बदलून आलंय? उत्तरं काळजीची असतील तर देतो, नसतील तर थांबतो. थांबायला आपल्याकडे सबळ कारण आहे: घसा दुखू लागल्यापासून नऊ दिवसांच्या आत पेनिसिलिन सुरू केलं तरी ऱ्हुमॅटिक फीव्हर टाळता येतो. म्हणजे ‘दोन दिवसांनी दाखवा’ किंवा ‘बाजाराच्या दिवशी याल तेव्हा आणा’ म्हणणं हलगर्जीपणा नाही. परत येणं जमणार नसेल तर आशाताईंना नाव देऊन ठेवा. तीन वर्षांखालच्या बाळात हे निकष लावू नका, त्या वयात हा आजार जवळजवळ नसतोच. मोठ्या माणसात चारही खुणा असल्या तरच देतो, तीनवर दोन दिवस पाहतो. ज्याला आधीच ऱ्हुमॅटिक फीव्हर होऊन गेलाय त्याच्याबाबत हा हिशेब नाही. त्याला लगेच द्या आणि त्याची दर तीन आठवड्यांची पेनिसिलिनची सुई चुकली का ते विचारा.

औषध कुठलं? हा जंतू आजवर पेनिसिलिनला दाद न देणारा असा पेशंटमध्ये सापडलेला नाही. एवढी खात्री आपल्याला दुसऱ्या फार कमी ठिकाणी मिळते. अझिथ्रोमायसिनला मात्र तो सरावू शकतो, आणि ते रक्तात-पेशींत बरेच दिवस कमी प्रमाणात रेंगाळतं, म्हणजे जंतूंना सरावायला जागा मिळते. म्हणून ते पेनिसिलिनची खरी ॲलर्जी असलेल्यासाठी राखून ठेवा, आणि मुलांत द्यायची वेळ आलीच तर किलोमागे १२ मिलिग्रॅम रोज एकदा, पाच दिवस. तीन गोळ्यांचा कोर्स स्ट्रेपसाठी धरू नका. खरी ॲलर्जी म्हणजे अंगावर गांधी, ओठ सुजणं, दम. ‘मागं पोट बिघडलं होतं’ ही ॲलर्जी नाही. कोट्रायमॉक्साझोल, डॉक्सिसायक्लिन, सिप्रोफ्लॉक्सासिन इथे कामाचे नाहीत, आणि जेन्टामायसिनच्या सुईने स्ट्रेपच्या घशात काहीही साधत नाही.

आपल्या औषध भांडारात अमोक्सिसिलिन असतंच. किलोमागे दिवसाला ५० मिलिग्रॅम, एकदाच किंवा दोन वेळांत विभागून, जास्तीत जास्त १ ग्रॅम, पूर्ण दहा दिवस. १५ किलोच्या लेकराला दिवसाचे ७५० होतात. २५० ची एक आणि १२५ ची एक, पाण्यात विरघळणाऱ्या गोळ्या, सकाळ-संध्याकाळ. अडचण दहा दिवसांची आहे. चौथ्या दिवशी पोरगं खेळायला लागतं आणि पाकीट फळीवर राहतं. जिथे हे होणार असं दिसतं तिथे मी बेन्झाथिन पेनिसिलिनची एकच सुई देतो: २७ किलोच्या आत ६ लाख युनिट, त्यापुढे १२ लाख, खोल स्नायूत, जाड सुईने. अमोक्सिसिलिन दिल्यावर अंगभर पुरळ उठलं, मानेच्या मागच्या बाजूच्या गाठी मोठ्या, प्लीहा हाताला लागते, तर ॲलर्जीचा शिक्का मारण्याआधी एप्स्टीन-बार व्हायरसचा विचार करा. एकदा ‘पेनिसिलिन चालत नाही’ असं लिहिलं गेलं की ते आयुष्यभर मागे लागतं.

राहिला सुई मागणारा पेशंट. ‘मले उद्या कापूस वेचाले जायचं हाय, सुई देऊन द्या ना जी,’ असं म्हणणाऱ्या बाईला अँटिबायोटिक हवं असतं असं मला वाटत नाही. तिची मजुरी बुडायला नको, दुखणं थांबायला हवं. मग दुखण्याचा इलाज मनापासून करा. पॅरासिटामॉल ‘दुखलं तर घ्या’ असं न सांगता घड्याळावर, दर सहा तासांनी, दोन-तीन दिवस. मुलांना किलोमागे १५ मिलिग्रॅम. आयबुप्रोफेनने घसा जास्त लवकर उतरतो, पण डेंग्यूच्या दिवसांत ताप असताना मी ते टाळतो. ग्लासभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून गुळण्या, खोकला असेल तर मध, एक वर्षाखालच्या बाळाला मध अजिबात नाही. डेक्सामेथासोनच्या एका सुईने दुखणं लवकर थांबतं हे खरं आहे, गावोगाव ती म्हणूनच लोकप्रिय आहे. पण तिने पू साठतानाचं दुखणंही झाकलं जातं आणि मधुमेह्याची साखर चढते, म्हणून मी ती देत नाही आणि का देत नाही ते पेशंटला सांगतो.

सांगताना ‘व्हायरल आहे, काही नाही’ असं म्हणू नका. त्यातून पेशंटला ऐकू येतं की डॉक्टरने मनावर घेतलं नाही. मी घसा बघता बघताच बोलतो: ‘टॉन्सिल सुजलेत, पू नाही, गाठी नाहीत, ही चांगली गोष्ट. तीन दिवस असंच दुखेल, मग उतरत जाईल, आठवड्यात साफ होईल. पाणी गिळता आलं नाही, तोंड उघडेनासं झालं, दम लागला किंवा चौथ्या दिवशी ताप वाढला तर वाट न बघता या.’ तीन दिवस दुखेल असं आधी सांगितलेलं असलं की दुसऱ्या दिवशी दुसऱ्या दवाखान्यात जाणारे बरेच कमी होतात. पहिल्या महिन्यात काही जण नाराज होऊन जातील, ते धरून चाला. ज्या मुलाला अँटिबायोटिक दिलं त्याच्या आईला एक वाक्य जास्तीचं सांगा: पुढच्या काही महिन्यांत सांधा सुजला, धाप लागली किंवा हातपाय उगाच वेडेवाकडे हलायला लागले तर हीच चिठ्ठी घेऊन यायचं.

तुमच्या केंद्रात बेन्झाथिन असेलच असं नाही, पुष्कळ ठिकाणी रिॲक्शनच्या भीतीने ते मागवलंच जात नाही. मागणीपत्रात ते घाला, सुई दिल्यावर पेशंटला अर्धा तास समोर बसवून ठेवा, आणि पहिली सुई देण्याआधी इमर्जन्सी ट्रेमधल्या, रिॲक्शन आली तर लागणाऱ्या ॲड्रेनॅलिनच्या अँप्युलवरची तारीख स्वतः बघून घ्या.